पट्टा नसलेली जीभ

सीटबेल्टच्या टोकाला, बकलमध्ये अडकणारी लोखंडी जीभ असते. तेवढी जीभच बाजारात सुटी मिळते. तिला पट्टा नसतो. ती बकलमध्ये सरकवली की चालकाने पट्टा लावला अशी गाडीची समजूत होते आणि डॅशबोर्डमधली टिंग-टिंग थांबते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर पट्ट्याची चर्चा झाली, ओघाने या सुट्या जिभेचीही. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकू नका असा आदेश दिला. या कारवाईत त्यांच्या दुकानांतून अशा १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या.

ज्या वस्तूच्या तेरा हजार नोंदी होतात, तिला गिऱ्हाईक असणारच. आपल्याकडच्या चालकांनी गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर केलेली ही सगळ्यांत रोखठोक टीका आहे, असं मला वाटतं. कुणी अखंड बोलायला लागलं की आपण म्हणतो, त्याने तोंडाचा पट्टा सोडला. इथे तोंडाचा पट्टा गाडीने सोडलाय, आणि तो आवरायला चालकाने पट्टा नसलेली जीभ शोधलीय. ही टीका प्रामाणिक आहे, पण चुकीची आहे आणि जिवावर बेतणारीही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये सीटबेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं भारतातल्या रस्त्यांवर दगावली. त्यांतले ८,३८४ चालक होते. तरीही एवढी माणसं एका सूचनेचं तोंड बंद करायला पदरचे पैसे मोडत असतील, तर त्या माणसांइतकीच ती सूचनाही तपासायला हवी.

गाड्यांवर लिहिणारे ही तपासणी क्वचित करतात. गाडीची समीक्षा हा आता चांगलाच रुळलेला प्रकार आहे. त्यात पडदा किती इंची, सनरूफ केवढं, सीटमधून गार हवा येते का, दिवे किती रंगांचे, यांची यादी असते. समीक्षक डॅशबोर्डवर बोट दाबून प्लास्टिक मऊ आहे की टणक ते सांगतो. रोज गाडी चालवणारा माणूस डॅशबोर्डला हात लावतो तो फडकं मारताना किंवा तिथल्या गणपतीला फूल वाहताना. समीक्षा लिहिलेली असते गाडी विकत घेणाऱ्यासाठी. तो घेणारा आणि चालवणारा एकच असेल, असं ती गृहीत धरते.

आपल्याकडे तसं नसतं, हे आपली भाषाच सांगते. मराठी बोलण्यात ‘ड्रायव्हर’ हे गाडी चालवणाऱ्या कुणाचंही नाव नाही. ते नोकरीचं नाव आहे. मालक चाकामागे बसला तर तो ड्रायव्हर होत नाही. ‘आज साहेब स्वतःच चालवतायत’ असं आपण म्हणतो. त्या ‘स्वतःच’मध्ये पगार, पाळी, डबा, पार्किंगमधली वाट पाहणी, सगळं येऊन जातं. त्यामुळे गाडीतल्या सुखसोयींबद्दल चालकांचं मत काय, असं विचारलं की पहिला प्रश्न उभा राहतो: कुठल्या चालकाचं? रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्याचं, की रोज बारा तास चाकामागे काढणाऱ्याचं?

दुसऱ्या चालकाला नवं तंत्रज्ञान नकोच असतं, हा गैरसमज आधी दूर करू. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३मधली, आणि वयोमर्यादा वीस वर्षांची. त्या आठवड्यात हळवे लेख पुष्कळ आले. ते बहुतेक मागच्या सीटवरून लिहिलेले होते. मागच्या सीटवरून पद्मिनी म्हणजे ऐसपैस बैठक, मीटरचा खटका आणि मरीन ड्राइव्हचा वारा. पुढच्या सीटवरून तीच गाडी वेगळी दिसायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, स्टिअरिंगला कसलीही मदत नाही, त्यामुळे जागच्या जागी गाडी वळवायची तर दोन्ही खांदे लागायचे. मे महिन्यात इंजिनची धग पायांशी. क्लच दिवसातून हजार वेळा दाबायचा. ही गाडी गेली म्हणून त्या खांद्यांना आणि गुडघ्यांना फारसा शोक झाला नसावा.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत गाडीत आलेल्या ज्या गोष्टींना चालकांनी बिनबोभाट आपलं म्हटलं त्यांची यादी केली, तर एक सूत्र दिसतं. पॉवर स्टिअरिंग, हलका क्लच, एसी, मागे घेताना दिसणारा कॅमेरा, चढावर गाडीला मागे सरकू न देणारी सोय. २०१४मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, तेव्हा क्लच आणि गिअरचं काम आपोआप करणारी पेटी स्वस्त गाडीत आली. आतली यंत्रणा साध्या गिअरचीच, फक्त डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक यंत्र करतं. समीक्षकांनी तिच्या गिअर बदलतानाच्या हिसक्यांवर बोट ठेवलं, ते खरंही होतं. पण हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलेल्याला हिसक्यापेक्षा गुडघा महत्त्वाचा. चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा बॉश आणि मर्सिडीजने १९७८मध्ये बाजारात आणली. तिचं तर अस्तित्वही एरवी जाणवत नाही. पावसात घसरत्या रस्त्यावर पाय जोरात दाबला गेला की ती जागी होते, काम करते आणि पुन्हा गप्प बसते.

या साऱ्यांत समान काय? त्या शरीराचे कष्ट कमी करतात आणि बदल्यात डोळे मागत नाहीत. मागे घेताना कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, पण तेव्हा बघायची जागाच ती असते. चांगल्या सोयीची मला सापडलेली ही सगळ्यांत सोपी कसोटी आहे.

टचस्क्रीन या कसोटीवर नापास होतो. तो काही कालपरवाचा शोध नाही. ब्युइकने १९८६च्या रिव्हिएरा गाडीत स्पर्शावर चालणारा पडदा दिला होता. ग्राहक वैतागले आणि काही वर्षांत तो गेला. पुढे २०१२मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंची पडदा बसवला, आणि बटणं नसणं हेच आधुनिकतेचं लक्षण ठरलं. आपल्याकडे महिंद्राने २०२४च्या नोव्हेंबरात आणलेल्या एक्सईव्ही ९ईमध्ये १२.३ इंची तीन पडदे शेजारी शेजारी आहेत, त्यांतला एक चालकाशेजारी बसणाऱ्यासाठी. दिव्यांच्या झगमगाटात ते देखणे दिसतात, यात शंका नाही. कारखान्यालाही ते सोयीचे पडतात: वीस बटणांचे वीस साचे आणि तारा सांभाळण्यापेक्षा एक पडदा लावून उरलेलं सॉफ्टवेअरवर सोडणं सोपं.

चालवणाऱ्याची अडचण मात्र अगदी साधी आहे. बटण बोटाला सापडतं. त्याला कड असते, खळगा असतो, दाबल्यावर खटका लागतो. महिनाभरात हाताला त्याची जागा पाठ होते, जशी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीची होते. पडदा सगळीकडे सारखाच गुळगुळीत. तो फक्त डोळ्याला सापडतो. जुलैत खंडाळ्याच्या घाटात ढग उतरतात आणि समोरची काच आतून क्षणात धुरकट होते. त्या वेळी काचेवर हवा सोडायची कळ हाताला लागली पाहिजे. ती पडद्यावरच्या दुसऱ्या पानात असेल, तर ज्या घटकेला पुढचं दिसत नाही त्याच घटकेला ही गाडी नजर खाली वळवायला लावते.

हे मोजूनही झालं आहे. ‘व्ही बिलेगारे’ या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२मध्ये काही नव्या गाड्या आणि २००५ची एक जुनी व्होल्व्हो अशी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशी ठरावीक कामं करायची होती. बटणांच्या जुन्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यांत मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले आणि तिने तेवढ्या वेळात जवळजवळ १,४०० मीटर कापले. तिकडे २०१७मध्ये अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅककेन’ ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळून १० खलाशी मरण पावले. चौकशीत पडद्यावरून चालणाऱ्या सुकाणूच्या गुंतागुंतीवर आणि ती वापरण्याच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर बोट ठेवलं गेलं, आणि नौदलाने हाताने ढकलायचे दांडे परत आणायचं ठरवलं. गाड्यांची सुरक्षा जोखणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदतीची हाक या पाच गोष्टींना खरीखुरी कळ किंवा दांडा नसेल तर गुण कापायचं ठरवलं. एवढी वळणं घेतल्यावर जे हाती लागलं, ते कुठल्याही एसटी चालकाने पहिल्या दिवशी सांगितलं असतं. त्याला विचारलं नव्हतं, इतकंच.

पडद्यानंतर आवाज. गाडी बोलते, पण तिची शब्दसंपत्ती फार तोकडी आहे. पट्टा नाही, टिंग. दार उघडं, टिंग. वेग वाढला, टिंग. १ जुलै २०१९पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना वेगाची सूचना सक्तीची आहे: ताशी ८०च्या पुढे ती अधूनमधून वाजते, १२०च्या पुढे सतत. आता समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, आणि सपाट भागात मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. म्हणजे नियम काटेकोर पाळून, १०० किंवा ११०ने जाणाऱ्या माणसालाही गाडी वाटभर टोकत राहते. गुन्हा नसताना ओरडणाऱ्याच्या ओरडण्याची किंमत उतरते, हे लांडगा आला रे आलाच्या गोष्टीत लहानपणीच वाचलेलं असतं. इथे ते सरकारी मानकात लिहिलं गेलं. मग एखाद्या दिवशी तोच टिंग खरोखरच्या पट्ट्यासाठी वाजतो आणि कान त्यालाही त्याच टोपलीत टाकतात.

अमेरिकेने हा धडा आधीच गिरवला होता. पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, अशी कुलूपबंदी तिथे १९७४च्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. लोक एवढे संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरात काँग्रेसने कायदा करून ती काढून टाकली. पट्टा मात्र तेव्हाही उपयोगीच होता, आजही आहे. व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९मध्ये बनवलेल्या तीन टोकांच्या पट्ट्याइतकं गुणी यंत्र गाडीत दुसरं क्वचितच असेल. त्याला ना वीज लागते ना पडदा. अशा गुणी वस्तूची बाजू मांडायला आपण सगळ्यांत कर्कश वकील नेमला आणि अशिलाचं नुकसान केलं. म्हणून त्या सुट्या जिभेवरची बंदी योग्य असली तरी पुरेशी नाही. कशासाठी वाजतंय हे आवाजावरूनच कळेल, आणि गरज नसेल तेव्हा गाडी गप्प राहील, एवढं तरी तिला शिकवायला हवं.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वतः निर्णय घेणारी यंत्रणा, जिला सगळे ‘अडास’ म्हणतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, पट्ट्यापट्ट्यांच्या मधोमध ठेवणं, धडक होणार असं वाटलं की ब्रेक लावणं. आपल्या रस्त्यांवर तिची फजिती कशी होते ते चालवणारे रंगवून सांगतात. गाडीने राखलेलं अंतर हे दुचाकीवाल्याला आमंत्रण वाटतं. तो आत घुसतो, गाडी दचकून ब्रेक लावते आणि मागचा शिव्या घालतो. खड्डा चुकवायला चाक वळवावं तर ते हलकेच परत ओढलं जातं, कारण पांढरी रेघ ओलांडणं यंत्राच्या लेखी चूक असते. शेवटी बरेच जण गाडी सुरू केल्या केल्या ही सोय बंद करतात.

या तक्रारी खऱ्या आहेत, पण खोलवरचा धोका उलट ठिकाणी आहे: जिथे यंत्रणा उत्तम चालते तिथे. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक निबंध लिहिला होता. कारखान्यांच्या नियंत्रणकक्षांबद्दलचा तो निबंध आज गाडीला तंतोतंत लागू पडतो. सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे दोन कामं उरतात: यंत्रावर नजर ठेवणं आणि यंत्र हरलं की अवघड प्रसंग निभावणं. पहिलं काम माणसाला जमत नाही, कारण काहीच घडत नसताना जागरूक राहणं त्याच्या स्वभावात नाही. दुसरं जमेनासं होतं, कारण सराव जातो. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर आधीच डोळ्यांवर झापड येते. तिथे पायाचं आणि हाताचंही काम काढून घेतलं, तर चालक जागा राहावा कशाच्या जोरावर?

यावर हौशी चालकांचं ठरलेलं उत्तर असतं की इलेक्ट्रॉनिक्सच नको, गाडी हातात असली पाहिजे. मला ते पटत नाही. हाताच्या कौशल्यावर भिस्त ठेवणारेच डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरतात, आणि तसं करू नका अशा पाट्या घाटाघाटांत लावाव्या लागतात. कौशल्याला खोडीही जडते. धडक टाळणारा ब्रेक दहा वेळा उगाच लागला तरी अकराव्या वेळी एखादं पोर वाचवू शकतो. यंत्राने अगदी शेवटच्या क्षणी मदतीला यावं, पण सुरुवातीपासून चालकाला प्रवासी करून टाकू नये, एवढाच या वादातला माझा पक्ष.

आता सुखाकडे, म्हणजे मुख्यतः एसीकडे. एसीचं बटण चालकाच्या हाताशी असतं, पण ते दाबायचं की नाही हे तो ठरवत नाही. साहेब खरेदीला गेले की पार्किंगमध्ये चारी काचा खाली करून, सीट मागे पाडून तो वाट बघतो. इंजिन चालू ठेवायची परवानगी नसते. ॲपवरच्या टॅक्सीत एसीचं इंधन त्याच्या खिशातून जातं. एप्रिल २०२४मध्ये हैदराबादमधल्या ॲप-टॅक्सी चालकांनी दर परवडत नाहीत म्हणून एसी न लावण्याची मोहीमच काढली होती. प्रवाशाला तो उद्धटपणा वाटला. चालकाच्या दृष्टीने ते हिशेबाचं गणित होतं: गारवा प्रवाशाचा, बिल आपलं, आणि एसी बंद केला तर उकाडाही आपलाच.

ट्रकचं तर विचारूच नका. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा करणारी अधिसूचना निघाली डिसेंबर २०२३मध्ये, आणि ती लागू झाली १ ऑक्टोबर २०२५नंतर बनणाऱ्या गाड्यांना. हा विचार त्याआधी काही वर्षं चर्चेत होता. खर्च वाढेल, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप जास्त बोलका: गार हवेत ड्रायव्हरला झोप लागेल. झोप येईल या भीतीने एखाद्या मालकाने स्वतःच्या मोटारीतला एसी काढून टाकल्याचं मात्र ऐकिवात नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, इंजिनच्या शेजारी बारा-चौदा तास बसलेल्या माणसाला थकवा कशाने येतो हे समजायला संशोधन लागत नाही. ज्याला आपण मोटारीत ‘कम्फर्ट’ म्हणून विकतो, ते ट्रकमध्ये सुरक्षेचं साधन आहे. मोटारींत रंगीत दिवे आणि मसाज करणाऱ्या सीटा येऊन गेल्या, आणि ट्रकच्या केबिनला साधा गारवा त्यानंतर आणि तोही कायद्याने मिळाला. गाडीतल्या सुखाच्या इतिहासाचं एवढं एकच वाक्य लिहायचं झालं तर मी हे लिहीन.

त्या मानाने देखरेखीची साधनं चटकन पोचली. गाडी कुठे आहे, किती वेगाने गेली, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली का, हे मालकाच्या मोबाइलवर कळतं. आतला कॅमेरा चालकाचे डोळे मिटतात का ते पाहतो. झोपेची सूचना जीव वाचवू शकते, तेव्हा कॅमेऱ्याला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. पण डोळे मिटतायत हे कळल्यावर पुढे काय होतं, यावर त्याची किंमत ठरते. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झोपायची मुभा मिळणार असेल तर ते चालकाचं यंत्र. पगार कापला जाणार असेल तर ते मालकाचं, आणि त्यावर कधी ना कधी चिकटपट्टी बसणार. तेव्हा पुन्हा कुणीतरी म्हणेल, या लोकांना सुरक्षेची कदरच नाही.

गाडीचं परीक्षण करणाऱ्यांनी म्हणून इंच मोजणं थोडं कमी करावं आणि दहाव्या तासाला ही गाडी कशी वाटते ते लिहावं. पावसात, अंधारात, कळ न बघता सापडते का? गाडी कधी बोलते आणि कधी गप्प बसते? यंत्रणा हात काढून घेते तेव्हा चालकाला सावरायला किती वेळ देते? कुठली सोय बंद करायची चालकाला मुभा आहे, आणि कुठल्या सोयीचा खर्च त्याच्यावर पडतो? या प्रश्नांची उत्तरं शोरूममध्ये मिळणार नाहीत. ती खालापूरच्या फूड मॉलबाहेर किंवा कसाऱ्याच्या अलीकडच्या एखाद्या ढाब्यावर मिळतील, जिथे ड्रायव्हरमंडळी चहा घेत उभी असतात आणि गाड्यांबद्दलच बोलत असतात. ते बोलणं अजून कुणी परीक्षण म्हणून छापलेलं नाही.